परसातली जाळी: ऑक्टोबर ते एप्रिलच्या नोंदी

६ ऑक्टोबर

परतीचा पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला. या रब्बीला परसातली पिकं औषधाऐवजी जाळीनं राखायचं काम नीट आखून करायचं आहे, म्हणून आजपासून नोंद ठेवते. गाव पुरंदर तालुक्यातलं. घरामागे दोन गुंठे परस. चार गादीवाफे, प्रत्येक एक मीटर रुंद, पाच मीटर लांब. दक्षिणेच्या कुंपणालगत वेलांचा मांडव. विहिरीच्या अंगाला दोन अंजिरं, पलीकडे एक पेरू.

कारण साधं आहे. घरातली मुलं टोमॅटो झाडावरून तोडतात, कपड्याला पुसतात आणि तिथंच खातात. त्या झाडांवर औषध मारायला माझा हात धजत नाही. गेल्या हंगामात टोमॅटोवर बोकड्या (पानं गोळा करणारा रोग) आला, वांगी चिरली की आत अळी, दोडके कोवळेपणीच पिवळे पडून सडले आणि अंजिरं रंग धरायला लागली की सकाळी फोडलेली दिसायची.

वहीत आधी एकच तक्ता केला: कोण येतं, केवढं असतं, कोणत्या वेळी येतं, कुठून येतं. पांढरी माशी, मिलिमीटरभर लांब, उजेडात उडते, शेजारच्या पिकांवरून येते. वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची, तो रात्री फिरतो. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंगही अंधार पडतानाच निघतो. फळमाशी दिवसा अंडी घालते आणि तिचे कोष मातीत असतात. बुलबुल, साळुंकी, तांबट उजाडताच येतात. वटवाघळं रात्री येतात.

तक्ता पाहून एक गोष्ट पक्की झाली. एकच जाळी सगळ्या परसावर टाकून भागणार नाही. प्रत्येक पिकाला जाळी वेगळी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झाकायची आणि उघडायची वेळ वेगळी.

९ ऑक्टोबर

पुण्याला जाऊन जाळ्या पाहिल्या. दुकानात नुसतं "जाळी" म्हटलं की हिरवं शेडनेट पुढे येतं. ते उन्हासाठी असतं, त्याची घरं पांढऱ्या माशीला खुशाल मोकळी असतात. मागायचं ते इन्सेक्ट नेट, आणि मेशचा आकडा सांगून.

मेश म्हणजे एका इंचात किती घरं. ४० मेशला एका घराच्या वाट्याला ०.६३ मिलिमीटर येतात. त्यातून धाग्याची जाडी गेली की मोकळी जागा साधारण ०.४ उरते. ५० मेशला ती आणखी कमी. पांढरी माशी लांबीला मिलिमीटरभर दिसली तरी अंगानं फार सडपातळ असते. ४० मेश तिची ये-जा बरीच कमी करते. तिला खऱ्या अर्थानं अडवायचं तर ५० मेश घ्यावी. फुलकिडे त्याहून बारीक, ते ५० मेशमधूनही शिरतात. म्हणजे मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी जाळीवर विसंबायचं नाही.

मग सगळीकडे ५० मेशच का नको? कारण घर जितकं बारीक तितका वारा कमी. आत ओल कोंडते, दुपारी उष्णता वाढते. म्हणून ५० मेश फक्त रोपवाटिकेपुरती घेतली. कोबी, फ्लॉवर आणि वांग्यासाठी मच्छरदाणीचं कापड. त्याला चौरस इंचात साधारण १५६ घरं असतात, म्हणजे एका बाजूनं बारा, दुसऱ्या बाजूनं तेरा. पांढरी माशी आणि मावा त्यातून सहज जातील, पण पतंग अडकतो. आफ्रिकेत बेनिन देशात कोबीवर याच कापडाचे प्रयोग झालेले आहेत. पतंगाच्या पिकाला पतंगापुरती जाळी पुरते, आणि वारा खेळता राहतो.

दुकानात आकडा खरा आहे का ते बघायची सोपी रीत: पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमधली घरं भिंगाखाली मोजायची. ४० मेशला सोळाच्या आसपास, ५० मेशला वीसच्या आसपास, मच्छरदाणीला पाच. आणि अतिनील किरणांना टिकणारा धागा आहे का हे विचारायचं. साधा धागा उन्हात कडक होऊन तुटतो.

१५ ऑक्टोबर

कमानी केल्या. जुन्या ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरलचे (नळीचे) तुकडे घरात होतेच. वाफ्याच्या दोन्ही कडांना बांबूच्या फुटभर खुंट्या ठोकल्या, अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर, आणि लॅटरलची दोन्ही टोकं त्यांवर चढवली. एक मीटर रुंदीच्या वाफ्यावर अर्धगोल कमान करायला एक मीटर सत्तावन्न सेंटिमीटर पाईप लागतो. उंची मिळते अर्धा मीटर. कमानीमागे कमान सव्वा मीटरवर. जास्त अंतर ठेवलं तर मधे कापड पोटात येतं आणि पानांना टेकतं.

कापडाचा पन्हा मोजताना दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर जादा धरावे, कारण खरी राखण कडेलाच असते. पतंग वरून जाळी फाडून येत नाही, तो खालच्या फटीतून चालत येतो. एका बाजूची कड वाफ्यालगत चर काढून मातीत पुरली. दुसरी बाजू रोज उघडावी लागेल, तिथं कापडाच्या काठात कळकाची काठी गुंडाळून वर विटा ठेवल्या.

वांग्यासाठी कमान चालणार नाही. त्या वाफ्यावर कळकाची दीड मीटर उंच चौकट उभी केली, पूर्व आणि पश्चिम बाजूचे पडदे वर गुंडाळता येतील असे.

२३ ऑक्टोबर

झाकण्याआधीचं काम झाकण्यापेक्षा मोठं आहे. वांग्यातली अळी पूर्ण वाढली की झाडाखालच्या पालापाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या थरात कोष करते. फळमाशीची अळीही फळातून उतरून मातीतच कोषात जाते. त्याच जागी पुन्हा वांगं लावून वर जाळी टाकली तर पतंग आतच जन्मतो, आणि जाळी त्याच्यासाठी पिंजऱ्यातलं खाद्य राखून ठेवते. म्हणून वांग्याचा वाफा बदलला, गेल्या वर्षी जिथं मेथी आणि कांदा होता तो घेतला. जुन्या वाफ्याची माती खणून उलथी केली आणि उघडी सोडली. साळुंक्या दिवसभर तिथंच होत्या. त्यांना तिथून कुणी हाकललं नाही. त्या जमिनीतून जे वेचतात ते मला हातानं कधीच वेचता येणार नाही.

रोपवाटिकेत टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर ओळीत पेरलं आणि पहिल्याच दिवशी ५० मेशची जाळी चढवली. बोकड्याचा विषाणू पांढरी माशी आणते. झाड जितकं लहान असताना लागण होते तितकं नुकसान मोठं. रोप असतानाच लागण झाली तर झाड खुरटतं आणि फळ जवळजवळ धरत नाही. म्हणून पहिले पंचवीस-तीस दिवस जपायचे. उगवून आल्यावर आठवड्यानं जाळी टाकू, असं टोमॅटोच्या बाबतीत चालत नाही.

पेरणी विरळ ठेवली. आत हवा कोंडून रोपं कोलमडू नयेत म्हणून पाणी फक्त सकाळी, झारीनं, वाफा वरून ओला राहणार नाही एवढंच.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. रोपं दोन पानांवर. तण काढायला जाळी उघडावी लागते, ते काम उजाडताना करते. गारठ्यात पांढरी माशी पानामागे बसून राहते, फारशी उडत नाही. ऊन चढल्यावर जाळी उचलायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगितलं आहे. जाळीच्या आत एक पिवळा चिकट कागद टांगला आहे, आत कोण शिरलं ते त्यावर कळतं.

२४ नोव्हेंबर

पुनर्लागवड. टोमॅटोची पानं सपाट, हिरवी, एकाही रोपाचा शेंडा गोळा झालेला नाही. टोमॅटोला आता जाळी नाही. वाफ्याभोवती मक्याच्या दोन दाट ओळी आधीच पेरून ठेवल्या होत्या, त्या गुडघ्याच्या वर आल्या आहेत. मका आडोसा करतो, उडत येणारी माशी तिथं अडते, मावा खाणारे ढालकिडेही तिथं मुक्कामाला येतात. पुढे लागण झालीच तरी झाड तोवर अंगानं भरलेलं असेल.

कोबी आणि फ्लॉवर कमानींखाली गेले, वांगी चौकटीत. प्रत्येक रोपाची पानं उलटी करून पाहिल्यावरच आत घेतलं.

३ डिसेंबर

वाटाणा आणि धने टोकले त्या पट्टीवर होले उतरले, पाठोपाठ मोर. नुसत्या कमानी आणि मच्छरदाणीचा उरलेला तुकडा. कोंब चार बोटं वर आले की काढून टाकायचा. पाखरांना दाणा हवा असतो, रोप नको असतं, म्हणून इथं जाळी आठवड्या-दीड आठवड्यापुरतीच लागते.

बाबा म्हणाले, "ज्वारीत दाणे भरायचे तेव्हा आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवायचो, पण सकाळी आणि संध्याकाळीच. दुपारी पाखरू सावलीला जातं, तेव्हा राखणदारानं जेवून घ्यायचं." सासऱ्यांच्या पिढीला पाखरांचं वेळापत्रक पाठ होतं. माझा तक्ता म्हणजे त्याच माहितीची लेखी प्रत आहे.

२१ डिसेंबर

कोबीच्या कमानींत मावा दिसला, आतल्या कोवळ्या पानांवर राखाडी पुंजके. हे अपेक्षित होतं. पंखवाला मावा मच्छरदाणीच्या घरातून आत येतो, पण त्याला खाणारा ढालकिडा मात्र बाहेर राहतो. जाळीखाली माव्याला थंडीही मानवते आणि शत्रूही नसतो.

उपाय तीन, त्याच क्रमानं. पहिला, सकाळी पाण्याची जोरदार धार पानांमागे. दुसरा, पुंजका जिथं फार दाट आहे ते पान तोडून साबणाच्या पाण्यात. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे दिवसा कमानी उघड्या ठेवणं. चौकोनी ठिपक्यांचा पतंग संध्याकाळनंतरच अंडी घालायला निघतो; मग भर दिवसा कोबी झाकून ठेवण्याचं कारण काय? सकाळी ऊन पडल्यावर विटांची बाजू उचलायची आणि दिवेलागणीच्या आधी खाली सोडायची. पांढरी फुलपाखरं दिवसा येतात, त्यांची पिवळी अंडी पानामागे दिसली की चिमटीनं काढते. एवढा भार हाताला झेपतो.

निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा तयार करून ठेवला आहे, पण तो सध्या वापरत नाही.

भिंगातून पाहताना काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसले. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीनं अंडं घातलेलं असतं. अळी आतून मावा खाते आणि पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. ही माशी इतकी लहान की मच्छरदाणीतूनही आत आली. ५० मेश लावली असती तर तीही बाहेर राहिली असती. जाडसर घराच्या कापडाचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

४ जानेवारी

कोबीचा पाला पसरला, दोन कमानींच्या मधे पान कापडाला टेकू लागलं. पान टेकलं की रात्री पतंग बाहेर बसून जाळीच्या घरातून पानावर अंडं चिकटवतं. तिथं जादा कमान घातली, कापड वर उचललं गेलं. हाच नियम फळाला: जाळीला टेकलेल्या फळात फळमाशी बाहेरूनच टोचते.

दुपारी दोनला थर्मामीटर ठेवून पाहिलं: बाहेर २८, बंद कमानीत ३१. थंडीत हे चालतं. मार्चमध्ये चालणार नाही.

१९ जानेवारी

वांगी फुलली. आजवर चौकट दिवसरात्र बंद होती. आतापासून वेळापत्रक बदललं.

वांग्याच्या फुलात पराग मोकळे पडलेले नसतात. पिवळ्या परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि फूल थरथरलं तरच त्यातून पराग झडतात. सातेरी किंवा फुलोरी मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फुलाला लोंबकळतो, पंख न हलवता अंगानं जोरात गुणगुणतो आणि त्या कंपानं पराग खाली पडतात. निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशीही हेच करते. वांगं वाऱ्यानंही स्वतःचं परागण करून घेतं, पण जाळीत वारा मंद असतो. बंद चौकटीत फळधारणा कमी, याचं कारण एवढंच.

पतंग रात्रीचा, भुंगा दिवसाचा. म्हणून पूर्व आणि पश्चिमेचे पडदे सकाळी आठला वर, संध्याकाळी पाचला खाली. खाली सोडण्याआधी प्रत्येक झाड हलकं हलवायचं. दिवसा पानाआड विसावलेला पतंग असेल तर तो उडून बाहेर जातो. पांढुरके पंख, त्यांवर तपकिरी-गुलाबी डाग, नखाएवढा. जिथं भुंगा फिरकत नाही त्या कोपऱ्यातल्या फुलांच्या देठाला सकाळी नऊ-दहाला बोटानं टिचकी मारते.

काही फुलं गळतात. गळलेली फुलं उघडून पाहिली, त्यांच्यात स्त्रीकेसर आखूड होता. वांग्याला अशी फुलं येतच असतात, ती धरत नाहीत. त्याचा दोष जाळीकडे जात नाही.

शेंडे रोज पाहते. एखादा शेंडा मान टाकून सुकला तर आत अळी असते. तो बोटभर खालून खुडून जाळून टाकायचा. कामगंध सापळा चौकटीबाहेर लावला आहे, आत नाही. तो नर पतंगांना ओढतो, त्यांना आत बोलवायचं नाही.

२६ जानेवारी

दोडका आणि काकडी मांडवाखाली टोकली. उगवल्यावर पहिल्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. प्रत्येक आळ्यावर तारेची छोटी कमान आणि कापड. आमच्याकडचे कलिंगडवाले हेच काम पांढऱ्या क्रॉप कव्हरनं करतात आणि मादी फुलं दिसू लागली की काढून घेतात. वेलाला फूल आल्यावर जाळी राखण करत नाही, मधमाशीची वाट अडवते.

९ फेब्रुवारी

अंजीर. ही नोंद सविस्तर करते, कारण पुरंदरच्या मीठ्या बहाराची (उन्हाळ्यात तोडीला येणारी) अंजिरं आता भरू लागली आहेत आणि तालुक्यात सगळीकडे जाळ्या चढताहेत.

अंजिराला जाळी लावायला दोन गोष्टी अनुकूल आहेत. एक म्हणजे पुना जातीच्या अंजिराला फळ धरायला परागणाची गरज नसते. त्यामुळे झाड झाकलं म्हणून फळ कमी धरत नाही. वांगं-दोडक्याची अडचण इथं नाहीच. दुसरं, अंजीर झाडावरच पिकावं लागतं. आंबा पाडाचा उतरवून अढीत घालता येतो. अंजीर कच्चं तोडलं तर मऊ पडेल पण गोडी भरणार नाही. म्हणजे पाखरांच्या आधी तोडून घेण्याची वाट बंद. रंग फिरल्यापासून तोडीपर्यंतचे थोडे दिवस ते झाडावर राखावंच लागतं.

पण जाळी कोणती? बाजारात स्वस्तात मिळते ती पातळ नायलॉनची, मोठ्या घराची, झाडावर फेकून देता येईल अशी. ती मी घेणार नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत अशाच जाळीत धामण अडकली होती. सापाचे खवले मागच्या दिशेनं असतात. घरातून डोकं गेलं की पुढेच रेटता येतं, मागे येताना धागा खवल्यात रुततो. सर्पमित्रानं कात्रीनं एक-एक धागा कापून तिला सोडवलं, अंगावर खोल वळ उठले होते. उंदीर खाणारी धामण परसाच्या कामाची, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षितही. तिचा जीव अंजिरापायी जाता कामा नये. बुलबुलाचा पायही असाच अडकतो. तो सुटायला धडपडतो तसा धागा आणखी आवळतो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात यावर नियमच आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथं घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं घर पूर्ण ताणल्यावर ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. तपासायची रीत कुणालाही जमेल: जाळीतून बोट आरपार गेलं तर ती जाळी वन्यजीवांना धोक्याची. आपल्याकडे असा नियम नाही, पण बोट आपल्याकडेही आहे. मी पाच मिलिमीटरची, जाड विणीची, पांढरी जाळी घेतली. पांढरी मुद्दाम, ती पाखरांना आणि वटवाघळांना संधिप्रकाशातही दिसते.

१२ फेब्रुवारी

भाऊजींनी चौकट वेल्ड करून दिली. मी अर्धा इंची पाईप म्हणत होते. ते म्हणाले, "वहिनी, पाऊण इंची घ्या. जाळी ताणली की वारा तिला शिडासारखा धरतो." त्यांचं ऐकलं.

चौकट झाडापासून सगळ्या बाजूंनी हातभर लांब आहे. जाळी ढोलकीच्या कातड्यासारखी ताणलेली. बोटानं दाबली तर परत उसळते. सैल झोळ कुठेही नाही, कारण सगळं अडकणं झोळातच होतं. खाली जाळी जमिनीवर पसरू दिलेली नाही, लाकडी पट्टीला ठोकून पट्टी विटांवर टेकवली आहे. तोडणीसाठी एका बाजूला पट्टी सरकवून शिरता येतं. सकाळी आणि संध्याकाळी सभोवार एक फेरी, हे काम बाबांनी अंगावर घेतलं आहे.

झाकलं ते एकच झाड. दुसरं तसंच मोकळं ठेवलं आहे. बाबा म्हणाले, "पाखरांचा वाटा काढल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही, हे तुझ्या आजेसासूबाईंचं सांगणं." मला त्यात श्रद्धेइतकीच व्यवहाराचीही बाजू दिसते. शेजारी खायला असलं की पाखरं बंद झाडाशी झटत बसत नाहीत. आणि जो बुलबुल मार्चमध्ये अंजीर खातो, तोच पिल्लांना भरवायला अळ्या वेचतो.

२ मार्च

तोड सुरू. एक दिवसाआड, उजाडताना, देठासकट. चीक हाताला लागतो म्हणून हातमोजे. फळ देठाशी किंचित वाकलं आणि रंग हिरव्याचा तांबूस-जांभळा झाला की काढायचं.

मोकळ्या झाडावर गर्दी आहे. पहाटे बुलबुलांची जोडी, मग तांबट, उशिरानं साळुंक्या. कोकिळेची ठिपकेवाली मादी रोज एकाच फांदीवर येते. पोपट आले की फळ निम्मं खाऊन टाकतात आणि पुढच्याला लागतात. जाळीतल्या झाडावर फक्त मुंग्या. त्यांना जाळी अडवत नाही. जास्त पिकू न देता वेळेवर तोडणं हाच इलाज. पानांवर तांबेऱ्याचे ठिपके दिसतात का तेही बघते आहे. पाच मिलिमीटरच्या घरातून वारा खेळता आहे, अजून तरी पानं स्वच्छ आहेत.

पेरूवर जाळी टाकली नाही. फळं लिंबाएवढी असतानाच एकेका फळाला मलमलची पिशवी बांधली. फळमाशी, पोपट, वटवाघूळ तिघांनाही तेवढं पुरतं. मिथाइल युजेनॉलच्या वासानं नर फळमाश्यांना ओढणारा रक्षक सापळा कुंपणाच्या टोकाला टांगला आहे, पेरूपासून लांब.

१६ मार्च

दोडका फुलला. आळ्यांवरच्या कमानी मागेच काढल्या.

इथं प्रत्येक वेलाचं घड्याळ वेगळं आहे. काकडीची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं काम मधमाश्या करतात. मी हात लावत नाही. दोडक्याची फुलं संध्याकाळी पाचनंतर उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. पतंग थोडं काम करतात, उरलेलं मी करते. नर फुलं घोसात येतात, मादी फूल एकटं, मागे बोटाएवढा दोडका घेऊन. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि परागकोश मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायचा. धाकटी मुलगी आता हे माझ्यापेक्षा सफाईनं करते.

फळमाशीला कोवळं फळ हवं असतं. म्हणून फूल सुकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दोडक्यावर मच्छरदाणीच्या उरलेल्या कापडाची लांब पिशवी, तोंड दोरीनं सैलसर बांधलेलं. फळ वाढेल तेवढी जागा आत हवी, नाहीतर ते कापडाला टेकतं. सडकी फळं वाफ्यात पडू देत नाही, पिशवीत बंद करून उन्हात ठेवते. आतल्या अळ्या मातीत उतरता कामा नयेत. इथं क्यू ल्यूर या दुसऱ्या वासाचा सापळा वेगळा लावला, कारण वेलांवरची फळमाशी मिथाइल युजेनॉलला येत नाही.

३० मार्च

पाडवा. कोबी-फ्लॉवर संपले, कमानी मोकळ्या. वांग्याच्या चौकटीवरचं छताचं कापड आज काढलं. दुपारी बाहेर ३७ आहे. आत पानं मलूल पडतात, आणि कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) जाळीखाली फार वेगानं वाढतात. पानांमागे पिवळसर ठिपके दिसू लागलेच होते. वांगी आता मोकळ्यावर राहतील, शेंडे खुडणं आणि सापळा यांवर. हंगामभर वांग्यात कीड निघाली ती मोजकी, तीही दिवसा पडदे उघडे ठेवल्यामुळे. एवढी किंमत भुंग्यांसाठी मोजायला मी तयार आहे.

६ एप्रिल

वळवाचा पहिला वारा. अंजिराची चौकट जागची हलली नाही, एका कोपऱ्यातली टाक्यांची ओळ उसवली. तोड जवळजवळ उरकली आहे. गारा आल्या तर ताणलेल्या जाळीवर त्यांचं वजन साठेल, म्हणून जाळी आजच उतरवली.

२० एप्रिल

सगळ्या जाळ्या धुतल्या. साबणाच्या पाण्यात बुडवून, न घासता, कारण घासलं की घरं सरकतात. सावलीत वाळवल्या. उसवलेलं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं. मच्छरदाणीच्या ज्या तुकड्याला कमानीच्या घासणीनं भोकं पडली त्याच्या पेरूसाठी पिशव्या बेतल्या. पुढच्या वेळी कमानीवर जिथं कापड टेकतं तिथं जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची आहे.

जाळ्या काठीवर गुंडाळून, प्रत्येकीवर पन्हा, लांबी आणि मेश लिहून, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. उघड्यावर उंदीर कुरतडतात. ५० मेशची मात्र पेटीत गेली नाही. मिरचीची रोपं मे अखेरीस टाकायची आहेत, ती जाळी रोपवाटिकेशेजारच्या खुंटीवरच आहे.